विली ब्रांट : ओलिसांसाठी बगदादला गेलेला निर्वासित

दि. ९ नोव्हेंबर १९९० रोजी जर्मनीतील फ्रँकफर्टच्या विमानतळावर बगदादहून आलेले एक विमान उतरले. त्यात सुमारे पावणेदोनशे माणसे होती. ही सर्व माणसे इराकच्या हुकूमशहाच्या ताब्यातून सुटून आली होती. त्यांना सोडवून आणणारा मनुष्य मंत्री नव्हता, राजदूत नव्हता, कोणत्याही सरकारचा अधिकृत प्रतिनिधीही नव्हता. सोळा वर्षांपूर्वी सत्ता सोडलेला तो शहात्तर वर्षांचा माजी चॅन्सेलर होता. त्याचे नाव विली ब्रांट.

माजी सत्ताधीशाने परदेशात जायचे, तिथल्या हुकूमशहासमोर बसायचे आणि अडकलेल्या नागरिकांना घेऊन परत यायचे, असे प्रकार जगात अधूनमधून घडत आले आहेत. २००९ साली अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन उत्तर कोरियात गेले आणि दोन महिला पत्रकारांना घेऊन आले. २०१० साली जिमी कार्टर तिथेच गेले आणि एका अमेरिकन नागरिकाला सोडवून घेऊन आले. अशा वेळी वर्तमानपत्रांत मोठे फोटो छापून येतात, टाळ्या वाजतात. टाळ्या वाजाव्यातच, कारण एका माणसाची सुटका ही लहान गोष्ट नाही. परंतु टाळ्या थांबल्यावर एक प्रश्न उरतो. माणसाची सुटका हा त्याचा हक्क आहे, की कुणा मोठ्या माणसाची मेहेरबानी? या प्रश्नाचा विचार करायचा तर विली ब्रांट यांच्यासारखे दुसरे उदाहरण नाही. कारण हा मनुष्य ओलिसांना सोडवायला गेला, त्याच्या अर्धशतक आधी तो स्वतः कैदेत बसला होता. आणि त्या वेळी त्याला सोडवायला येईल असे कोणतेही सरकार त्याच्यामागे नव्हते.

ब्रांट यांचा जन्म १८ डिसेंबर १९१३ रोजी उत्तर जर्मनीतील ल्युबेक शहरात झाला. जन्माचे नाव हर्बर्ट फ्राम. आई मार्टा दुकानात काम करणारी. तिचे लग्न झालेले नव्हते. बाप कोण हे मुलाला सांगितले गेले नाही, आणि बापाची भेट त्याला आयुष्यात कधीच झाली नाही. त्याला वाढवले ते आजोबा लुडविग फ्राम यांनी. ते ट्रक चालवत आणि समाजवादी कामगार पक्षाचे पक्के कार्यकर्ते होते. अशा मुलाला त्या काळच्या सभ्य म्हणवणाऱ्या समाजात काय काय ऐकून घ्यावे लागले असेल? जन्मावरून माणसाला हिणवणे म्हणजे काय, हे या पानाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच्या लहानपणीचा एक प्रसंग त्याने पुढे आठवणींत नोंदवून ठेवला आहे. कारखान्यात कामगारांचा लढा चालू होता. आजोबांची मजुरी बंद होती आणि घरात चूल पेटणे कठीण झाले होते. कारखान्याच्या एका वरिष्ठ साहेबाने रस्त्यात या उपाशी पोराला पाहिले आणि पाव विकत घेऊन दिले. पोरगा आनंदाने घरी आला. आजोबांनी ते पाव परत करायला लावले. ज्याच्याविरुद्ध आपण हक्कासाठी उभे आहोत त्याच्याकडून भीक घ्यायची नाही, ही त्या मागची शिकवण. हक्क वेगळा आणि दान वेगळे, हा धडा हर्बर्ट फ्रामला सात-आठ वर्षांच्या वयात मिळाला. पुढच्या आयुष्यात तो त्याला वारंवार उपयोगी पडला.

मुलगा हुशार होता. शिष्यवृत्ती मिळवून तो शहरातल्या नामांकित शाळेत गेला. तिथे श्रीमंतांच्या मुलांत कामगाराच्या घरचा म्हणून तो उठून दिसे. सोळाव्या-सतराव्या वर्षी तो पक्षात आला, पक्षाच्या वर्तमानपत्रात लिहू लागला. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि धरपकड सुरू झाली. एप्रिल १९३३ मध्ये हा एकोणीस वर्षांचा तरुण मासेमारीच्या बोटीतून लपून डेन्मार्कला निसटला आणि तिथून नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथे पोहोचला. भूमिगत कामासाठी त्याने टोपणनाव घेतले होते. विली ब्रांट हे ते नाव. पुढे हेच त्याचे कायमचे नाव झाले. बापाचे नाव ज्याला मिळाले नाही, त्याने स्वतःचे नाव स्वतः निवडले!

ऑस्लोमध्ये ब्रांट यांनी एका कैद्याच्या सुटकेसाठी झालेल्या मोहिमेत पहिल्यांदा काम केले. कार्ल फॉन ओसिएट्स्की हे जर्मन शांततावादी संपादक १९३३ पासून नाझींच्या छळछावणीत खितपत पडले होते. त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळावे, म्हणजे जगाची नजर त्यांच्यावर राहील आणि नाझींना त्यांना गुपचूप मारता येणार नाही, असा परागंदा जर्मनांचा विचार होता. विशी ओलांडलेल्या ब्रांट यांनी नॉर्वेत त्यासाठी पत्रे लिहिली, माणसे गाठली, पाठिंबा गोळा केला. मोहिमेच्या दबावाने १९३६ साली ओसिएट्स्कींना छावणीतून बर्लिनच्या रुग्णालयात हलवावे लागले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्यांना १९३५ सालचे पारितोषिक जाहीर झाले. परंतु नाझींनी त्यांना ते स्वीकारायला ऑस्लोला जाऊ दिले नाही. १९३८ साली क्षयाने त्यांचा अंत झाला. मोहीम जिंकली आणि तरीही माणूस सुटला नाही. जगाचा दबाव कुठपर्यंत चालतो आणि कुठे थांबतो, हे ब्रांट यांनी त्या वयात पाहिले.

त्याच वर्षी, १९३६ मध्ये, ते एका नॉर्वेजियन विद्यार्थ्याच्या नावाने थेट हिटलरच्या बर्लिनमध्ये जाऊन काही महिने भूमिगत काम करून आले. पकडले गेले असते तर मृत्यू ठरलेला होता. १९३८ साली नाझी सरकारने त्यांचे जर्मन नागरिकत्व काढून घेतले. आता ते कोणत्याच देशाचे नव्हते. कायद्याच्या भाषेत राज्यहीन! ज्याला देश नाही, त्याच्यासाठी दाद मागणारा वकील नाही, राजदूत नाही, त्याच्या बाजूने बोलणारे सरकार नाही.

एप्रिल १९४० मध्ये जर्मन फौजा नॉर्वेत घुसल्या. ब्रांट यांनी एका मित्राचा नॉर्वेजियन लष्करी गणवेश अंगावर चढवला आणि ते इतर सैनिकांबरोबर जर्मनांच्या कैदेत सापडले. पहारेकऱ्यांना वाटले, हा एक साधा नॉर्वेजियन शिपाई आहे. जर्मन म्हणून त्यांची ओळख पटली असती तर ते जिवंत सुटले नसते. सुमारे चार आठवड्यांनी इतर कैद्यांबरोबर त्यांची सुटका झाली आणि ते स्वीडनला गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्टॉकहोममधील नॉर्वेच्या वकिलातीने त्यांना नॉर्वेचे नागरिकत्व दिले. इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. १९४० साली ब्रांट वाचले, ते कुणी ओळखले नाही म्हणून. १९९० साली त्यांनी पावणेदोनशे जणांना वाचवले, ते सगळे जग त्यांना ओळखत होते म्हणून. या दोन्हींच्या मध्ये पन्नास वर्षांचे सार्वजनिक जीवन आहे.

युद्ध संपल्यावर ते स्कँडिनेव्हियन वर्तमानपत्रांचे बातमीदार म्हणून न्यूरेंबर्गच्या खटल्यांना हजर राहिले. १९४८ मध्ये त्यांनी जर्मन नागरिकत्व परत घेतले आणि १९५७ मध्ये ते पश्चिम बर्लिनचे महापौर झाले. १३ ऑगस्ट १९६१ रोजी पूर्व जर्मनीने बर्लिनच्या मधोमध भिंत घालायला सुरुवात केली. त्याच वर्षी निवडणूक होती आणि ब्रांट हे चॅन्सेलर कोनराड आडेनावर यांचे प्रतिस्पर्धी होते. भिंत उभी राहत असताना आडेनावर यांनी प्रचारसभेत ब्रांट यांच्या जुन्या आडनावाचा उल्लेख करून त्यांच्या जन्माकडे बोट दाखवले. दुसऱ्या नेत्यांनी विचारणा केली, की नाझी राजवटीची बारा वर्षे हा गृहस्थ देशाबाहेर काय करत होता? म्हणजे पाहा! हिटलरची साथ देणारे मानाने जगत होते, आणि हिटलरविरुद्ध लढलेल्या माणसाकडे देशभक्तीचा दाखला मागितला जात होता.

ब्रांट यांनी शिवीला शिवीने उत्तर दिले नाही. ते कामाला लागले. भिंतीमुळे भाऊ-बहीण, आई-मुले ताटातूट होऊन बसली होती. पूर्व जर्मनीच्या राजवटीला पश्चिम जर्मनीची मान्यता नव्हती, त्यामुळे तिच्याशी बोलणेही निषिद्ध मानले जात होते. ब्रांट यांच्या नगरप्रशासनाने मान्यतेचा प्रश्न बाजूला ठेवून बोलणी केली आणि डिसेंबर १९६३ मध्ये परवान्यांचा करार झाला. नाताळाच्या त्या अडीच आठवड्यांत पश्चिम बर्लिनच्या लोकांनी पूर्वेकडील नातलगांना सुमारे बारा लाख भेटी दिल्या. मान्यता देणे वेगळे आणि माणसांसाठी बोलणे वेगळे, हे सूत्र त्यांना इथे सापडले. बगदादला जाताना त्यांनी हेच सूत्र वापरले.

त्याच काळात पश्चिम जर्मनीचे सरकार पूर्वेच्या तुरुंगांतील राजकीय कैदी पैसे आणि माल देऊन सोडवू लागले होते. ही पद्धत ब्रांट यांनी सुरू केली नव्हती, पण त्यांच्या राजवटीतही ती चालू राहिली. १९८९ पर्यंत सुमारे ३३ हजार कैदी अशा रीतीने सुटले. माणसाची किंमत ठरवणारा हा व्यवहार घृणास्पदच होता. परंतु तुरुंगाच्या कोठडीत बसलेल्याला विचारा, तो काय सांगेल?

१९६९ साली ब्रांट चॅन्सेलर झाले. ७ डिसेंबर १९७० रोजी पोलंडची राजधानी वॉर्सा येथे ज्यू बंडातील हुतात्म्यांच्या स्मारकासमोर पुष्पचक्र वाहताना ते अचानक गुडघ्यांवर बसले. ज्या माणसाचा नाझींच्या पापात काडीचाही वाटा नव्हता, त्याने आपल्या राष्ट्राच्या वतीने मान खाली घातली. त्यानंतर जर्मनीत झालेल्या एका पाहणीत ४८ टक्के लोकांना ही कृती अतिरेकी वाटली आणि ४१ टक्क्यांना ती योग्य वाटली. अत्याचार करणाऱ्या समाजाला माफी मागणे किती जड जाते, याचा हा पुरावा. जगाने मात्र ती कृती ओळखली. डिसेंबर १९७१ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते त्यांनी स्वीकारले ऑस्लोमध्ये. ज्या शहरात ते निर्वासित म्हणून आले होते आणि जिथून त्यांनी ओसिएट्स्कींसाठी मोहीम चालवली होती, त्याच शहरात.

ब्रांट यांच्या चुका झाकून ठेवण्याचे कारण नाही. १९७२ साली त्यांच्याच सरकारने राज्यांबरोबर मिळून, जहाल विचारांच्या संशयितांना सरकारी नोकरीपासून दूर ठेवणारा आदेश काढला. शिक्षक, पोस्टमन, रेल्वेचे कामगार यांच्या विचारांची चौकशी सुरू झाली. विचारांसाठी देश सोडावा लागलेल्या माणसाच्या हातून हे घडावे, हे दुर्दैव. ही आपली चूक होती, असे त्यांनी पुढे मान्य केले. १९७४ मध्ये त्यांच्या कार्यालयातील एक सहायक पूर्व जर्मनीचा हेर निघाला आणि त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर ते समाजवादी पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. श्रीमंत उत्तर आणि गरीब दक्षिण यांच्यातील विषमतेचा अभ्यास करणारा आयोग त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. त्याचा अहवाल १९८० मध्ये आला. भारताचे लक्ष्मीकांत झा त्या आयोगाचे सदस्य होते.

आता बगदादकडे येऊ. २ ऑगस्ट १९९० रोजी सद्दाम हुसेनच्या फौजांनी कुवेत गिळंकृत केला. इराक आणि कुवेतमधील हजारो परदेशी नागरिकांना देश सोडण्यास मनाई झाली. त्यातील कित्येक पाश्चात्य आणि जपानी नागरिकांना कारखाने, लष्करी ठाणी अशा ठिकाणी नेऊन ठेवले. हल्ला झालाच तर आधी हे मरतील, म्हणून मानवी ढाल! सद्दामचे सरकार त्यांना पाहुणे म्हणत होते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने १८ ऑगस्ट रोजी ठराव क्रमांक ६६४ करून या सर्वांना जाऊ द्यावे अशी मागणी केली. ओलीस ठेवण्याविरुद्ध १९७९ सालचा आंतरराष्ट्रीय करारही होता. कायदा स्पष्ट होता. परंतु कायदा बजावणार कोण?

मग सुरू झाली माजी नेत्यांची रीघ. ऑक्टोबरमध्ये ब्रिटनचे माजी पंतप्रधान एडवर्ड हीथ गेले आणि तीसहून अधिक आजारी व वृद्ध ब्रिटिशांना घेऊन आले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जपानचे माजी पंतप्रधान यासुहिरो नाकासोने गेले आणि सत्तरहून अधिक जपान्यांना घेऊन आले. ऑक्टोबरच्या अखेरीस युरोपीय देशांच्या प्रमुखांनी रोम येथे ठरवले होते, की ओलिसांच्या वाटाघाटीसाठी कोणत्याही सरकारने प्रतिनिधी पाठवायचा नाही. असे केल्याने आपली एकजूट फुटेल, असे त्यांचे म्हणणे होते. ब्रांट यांच्या जाण्याला ब्रिटनसह अनेकांचा विरोध होता. संयुक्त राष्ट्रांचा अधिकृत आदेश मिळवण्याचा प्रयत्न झाला, तो मिळाला नाही. तेव्हा ते आपल्या जबाबदारीवर निघाले. ५ नोव्हेंबरला बगदादला पोहोचले, सद्दामशी प्रदीर्घ बोलणी केली आणि ९ तारखेला परतले. त्यांच्या विमानात बहुसंख्य जर्मन होते, पण इतर देशांचे नागरिकही होते. एकेकाळी देश नसलेल्या माणसाने केवळ आपल्या पासपोर्टवाल्यांची यादी हातात घेतली नाही, ही त्यातली मोठी गोष्ट. ६ डिसेंबरला सद्दामने सर्वच परदेशी ओलिसांना सोडण्याचे जाहीर केले. जानेवारीत युद्ध सुरू झाले तेव्हा त्या ठाण्यांवर मानवी ढाल म्हणून कोणी राहिले नव्हते.

विरोधकांचे म्हणणे खोटे होते काय? नाही. सद्दामला हेच हवे होते. मोठमोठे नेते आपल्या दारी येतात हे जगाला दाखवायचे, थोडी थोडी माणसे सोडायची आणि विरोधी आघाडीत फूट पाडायची, हा त्याचा डाव होता. ओलीस ठेवणाऱ्याला प्रतिष्ठा मिळाली, तर उद्या दुसरा हुकूमशहाही तेच करील, हा मुद्दा खोडून काढता येत नाही. परंतु एक वकील म्हणून मी एवढे म्हणेन, की कोठडीतल्या माणसाच्या वतीने उभा राहणारा हा कोठडीच्या मालकाचा मित्र ठरत नाही. ज्याच्या हातात किल्ली आहे त्याच्याशीच बोलावे लागते. मान्यता न देता बोलता येते, हे ब्रांट यांनी बर्लिनमध्ये सिद्ध केलेच होते.

आता नाण्याची दुसरी बाजू. त्याच महिन्यांत इराक-कुवेतमध्ये लाखो आशियाई मजूर अडकले होते. त्यांना मानवी ढाल केले नव्हते, पण नोकरी गेली, पगार बुडाला, कित्येकांकडे कागदपत्रे उरली नाहीत. वाळवंट ओलांडून ते जॉर्डनच्या छावण्यांत येऊन पडले. त्यांच्यासाठी कोणता माजी पंतप्रधान विमान घेऊन आला? आपल्या देशाने मात्र त्या वेळी एक काम केले, ते मान्य केले पाहिजे. परराष्ट्रमंत्री इंदरकुमार गुजराल ऑगस्टमध्ये बगदादला गेले. सद्दामने त्यांना मारलेल्या मिठीवरून त्यांच्यावर टीकाही झाली. परंतु त्यानंतर एअर इंडियाने अम्मान ते मुंबई विमानांची रांग लावली. सुमारे दोन महिन्यांत ४८८ उड्डाणे झाली आणि एक लाख सत्तर हजारांहून अधिक भारतीय परत आले. ही कुणा थोर पुरुषाची कृपा नव्हती. राज्याने आपले कर्तव्य बजावले होते.

माझ्याकडे वकिलीच्या निमित्ताने अधूनमधून असे आईबाप येतात, ज्यांचा मुलगा आखातात कुठेतरी अडकला आहे. एजंटाने पैसे घेतले, मालकाने पासपोर्ट ठेवून घेतला, एखाद्या गुन्ह्यात नाव गोवले. त्यांच्या हातात एक पिशवी असते आणि पिशवीत झेरॉक्सचा गठ्ठा. त्यांच्या मुलासाठी कोणी ब्रांट जाणार नाही. त्याचा फोटो कोणत्याही वर्तमानपत्रात येणार नाही. त्याच्यापाशी आहे तो फक्त कायदा. १९६३ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे परदेशात अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क आहे. या हक्कासाठी पदवी लागत नाही, ओळख लागत नाही. मी त्या आईबापांना अर्ज कसा करायचा, कुणाकडे करायचा, पोच कशी घ्यायची हे सांगतो. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, हेही सांगतो.

विली ब्रांट यांचे निधन ८ ऑक्टोबर १९९२ रोजी झाले. बगदादची फेरी ही त्यांच्या सार्वजनिक जीवनातील अखेरच्या मोठ्या कामांपैकी एक ठरली. त्या वयात घरी बसून मान घेणे सहज शक्य असताना त्यांनी टीका अंगावर घेतली आणि माणसे परत आणली, म्हणून त्यांना आदराने आठवले पाहिजे. परंतु त्यांच्या आजोबांनी परत करायला लावलेले पाव आपण विसरता कामा नये. थोर माणसे सोडवायला येतात तेव्हा त्यांचे आभार जरूर मानावेत. पण आपली संघटना, आपली लेखणी आणि आपला अर्ज त्या माणसासाठी खर्ची पडला पाहिजे, ज्याला सोडवायला कोणीच येणार नाही. १९४० साली नॉर्वेच्या त्या छावणीत दुसऱ्याच्या गणवेशात बसलेला तरुण असाच एक माणूस होता.